नसत्या चौकशांचा परवाना

"कादंबऱ्या वाचून मिळतं काय?" हा प्रश्न बहुधा तोच विचारतो, ज्याला शेजारच्या बिऱ्हाडात काल रात्री कशावरून जुंपली ते पक्कं ठाऊक असतं. त्याला त्यातून काय मिळतं, ते कोणी विचारत नाही. माझ्या मते दोघांची खोड एकच: दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळायला हवं. पण कादंबरीवाल्याला भिंतीला कान लावावा लागत नाही. तो पलंगावर आडवा होऊन राजरोस ऐकतो आणि वर घरचे म्हणतात, "वाचतोय तो, आवाज करू नका."

मराठी माणसाची ही सोय जुनी आहे. बाबा पद्मनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 सालचं. त्यातली यमुना फिरतफिरत विधवांची गाऱ्हाणी ऐकते. पुढे 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू हप्त्याहप्त्याने आपली कहाणी सांगू लागली. त्या वाचकांचा मला हेवा वाटतो. प्रकरण संपलं की पुढचा अंक येईपर्यंत करणार काय? बोलत बसणार. ओसरीवर त्या कादंबरीतल्या शंकरमामंजींचा यथेच्छ उद्धार करता करता एखाद्याच्या ध्यानात आलं असेल, की असलाच एक मामंजी आपल्याही झोपाळ्यावर बसून सुपारी कातरतोय. आता अख्खी मालिका एका रात्रीत बघून होते. उद्धार करायला उसंत कुठली?

शेजारच्या भांडणात आणखी एक पंचाईत असते. ज्याचा आवाज मोठा, त्याचीच बाजू ऐकू येते. खांडेकरांनी 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघांनाही आळीपाळीने बोलायला लावलं. जो बोलत असतो त्याचंच आपल्याला पटतं, आणि पान उलटलं की आपण फितूर. माझी मावशी मात्र फितूर होणाऱ्यांतली नव्हे. सुनेने एकदा शर्मिष्ठेची बाजू घेतली, तर मावशी भाजी निवडता निवडता कडाडली, "गुणाची म्हणे! देवयानीला विहिरीत ढकललंन् कोणी?" सून म्हणाली, "आणि शर्मिष्ठेला दासी करून कोणी नेलं?" मेथीची अर्धी जुडी तशीच राहिली. हा खटला कित्येक दिवस चालला. निकाल लागला नाही, पण एरवी दुधाच्या पातेल्यावरून होणारी भांडणं देवयानीवरून होऊ लागली आणि मावशी सुनेचं पूर्ण ऐकून घ्यायला शिकली. श्रेय सगळं खांडेकरांना देत नाही. सून रव्याचे लाडूही उत्तम करते.

वाचनालयातल्या पुस्तकांत असे खटले समासात चालतात. नायिकेच्या एका निर्णयाशेजारी कोणी लिहिलेलं असतं, "मूर्ख बाई." खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, "तुम्ही काय केलं असतं?" त्याखाली तिसरा, "पुस्तक खराब करू नये." हेही पुस्तकातच! नियमाने सगळे दोषी, पण असं पान लागलं की मी मूळ मजकूर सोडून आधी समास वाचतो.

माफी नाही ती एकाच वाचकाला. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणाऱ्याची अनामत खुशाल जप्त करावी. बाकीच्यांनी समासात हवं तेवढं भांडावं, फक्त पेन्सिलीने.