साधेपणाचे सुधारित दर

चुलीच्या धुरातून गृहिणीची सुटका व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली उज्ज्वला योजना आणली. त्यामागची दूरदृष्टी आम्हांस आत्ता उमगते आहे. घरोघरच्या चुली विझल्याशिवाय मुळशीच्या कृषी पर्यटन केंद्रात ‘चुलीवरचं पिठलं-भाकरी’ला एवढा भाव कसा आला असता?

पुण्याहून निघाले की दीडेक तासात साधेपणा लागतो. शेणाने सारवलेले अंगण, एलईडीचा कंदील, रहाट फोटोपुरता, पाणी टँकरचे. ‘गावाकडे किती शांत असतं, नाही?’ हे जनरेटरच्या वरताण ओरडून सांगावे लागते, एवढेच.

तरी अनुभव अजून अपुरा वाटतो. डोक्यावर हंडा घेऊन दोन किलोमीटर पायपीट, रात्री बारा वाजता शेतीपंपाची वीज येण्याची वाट पाहणे आणि सावकाराशी हृद्य भेट, या गोष्टी प्रीमियम पॅकेजमध्ये घ्याव्यात. जीएसटी वेगळा.

निघताना भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारले, “घरीही चुलीवरच करता ना?”

डोळे पुसत त्या म्हणाल्या, “छ्या! घरी गॅस हाय की. शिलिंडर भरायला पैसे नकोत का? म्हणून तर हितं चूल फुंकते.”

आम्ही भारावलो. आणखी एक भाकरी मागवली.