पोवळ्याचं पथ्यपाणी

पोवळं बोटात घालायचं तर मंगळ बघावा लागतो, घरात पाळायचं तर फॉस्फेट. पहिल्याचा दोष ज्योतिषावर ढकलता येतो, दुसऱ्याचा येत नाही. शेवगावात कुणी काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवायचं म्हटलं (मालवणच्या समुद्रातून उचलून नव्हे, तिथलं कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे), तर हाताशी असतं नाथसागराचं गोडं पाणी. ते आरओतून काढायचं, मग विकतचं मीठ घालून लिटरमागे पस्तीस ग्रॅमचा समुद्र करायचा. म्हणजे पाण्यातलं सगळं काढायला एकदा पैसे आणि परत घालायला दुसऱ्यांदा. एवढा खर्च केल्यावर स्वच्छतेचं भूत मानगुटीवर बसणारच. माशांच्या घाणीतून अमोनिया, त्यातून नायट्रेट, खाद्यातून फॉस्फेट. म्हणून पाणी तपासायचं किट येतं, थेंब मोजले जातात, नळी हलवली जाते आणि रंगपट्टीशी रंग ताडून बघितला जातो. ब्लाउजपीस मॅच करणारेही इतकी चिकित्सा करत नसतील. शेवटी शून्य आलं की घरात पेढे वाटायचेच बाकी.

हे शून्य म्हणजे पराक्रम नव्हे, उपासमार आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असतं. ते उजेडावर रांधतं आणि घरमालकाला जेवू घालतं. या भाडेकरूला नत्र-स्फुरद लागतंच. ते बंद केलं की प्रवाळ फिकं पडतं, आणि बरेचदा डायनो नावाचा बुडबुड्यांचा तपकिरी चिकटा सगळी जागा बळकावतो. उलट फॉस्फेट फार झालं तर सांगाडा नीट घडत नाही. साधारण पाच-दहा पीपीएम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ फॉस्फेट एवढ्यावर गाडी बरी चालते. कुणी म्हणेल, खऱ्या समुद्रातल्या प्रवाळाभोवती तर यातलं जवळजवळ काहीच नसतं. बरोबर, पण तिथे लाटेबरोबर प्लवकांची पंगत अखंड वाढली जाते. टाकीत येतं ते डबीतून, मालकाला आठवण झाली तर. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: किट चुकतं, डोळेही चुकतात. म्हणूनच एका आकड्यावर विश्वास ठेवू नये. त्याच किटनं, त्याच वारी मोजत राहावं आणि आकडा कुठल्या दिशेनं चाललाय ते बघावं. एका रंगावरून तीन औषधं ओतणारा माणूस टाकी नव्हे, स्वतःची घालमेल सांभाळत असतो.

आता हे शेवगावला कशाला सांगायचं? कारण शेवगावकडे याहून मोठी टाकी आहे, काळ्या मातीची, आणि तिथे मोजमापाचं एकक गोणी आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं. पण ती किती टाकायची हे बांधापलीकडच्यानं किती टाकली त्यावर ठरतं. त्यानं दोन, तर आपण तीन. कपाशी हिरवीगार होते, मावा-तुडतुडे आमंत्रणाशिवाय जेवायला येतात, आणि उरलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीकडे झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रवाळवाल्याची झोप वीसवरच उडते. २०१५ पासून बारा घटक सांगणारी मृदा आरोग्य पत्रिका आहे, पण ती बहुतेक घरांत आधार कार्डाच्या पिशवीत सुखरूप असते. शेत म्हणजे काचेची टाकी नव्हे, हा या तुलनेवरचा आक्षेप, आणि तो मला फार आवडतो. टाकीत चूक झाली तर चार बादल्या पाणी बदलता येतं. मातीच्या बादल्या कोण बदलणार?

म्हणून आधी माती तपासून घ्या; त्यासाठी कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे, दहिगाव-ने इथे. नमुना मात्र बांधालगतचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याजवळचा घेऊ नका, आणि खत टाकल्यावर लगेच तर मुळीच नाही. शेतात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो न्या.