टाइमटेबल दादा

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत शिरलं की उजवीकडच्या चौथ्या टेबलावर आधी रंग दिसतात आणि मग दादा. व्याख्येला पिवळा, कलमाला हिरवा, अमेंडमेंटला गुलाबी आणि 'हे शंभर टक्के येणार'ला निळा. सीए फायनलचं ऑडिटचं पुस्तक त्यानं इतक्या मन लावून रंगवलंय की चुकून पांढरी राहिलेली ओळच आता महत्त्वाची वाटते.

दादाचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. आम्ही त्याला टाइमटेबल दादा म्हणतो. त्याचं टाइमटेबल एक्सेलमध्ये असतं आणि दिवस पहाटे 5:10 ला सुरू होतो. पाचला उठणारे गावभर असतात, 5:10 म्हटलं की मागे काहीतरी विचार आहे असं वाटतं. मात्र एखाद्या दिवशी 5:25 झाले, की दादाच्या मते तो दिवस नासला. नासलेल्या दिवशी अभ्यास करायचा नसतो, सोमवारपासून नव्यानं सुरुवात करायची. सोमवार हुकला तर एक तारीख. एक तारीख हुकली तर पुढचा अटेम्प्ट.

अटेम्प्टच्या बाबतीत दादाचा अधिकार मोठा. त्यानं आठ पेपरांची फायनल पाहिली आणि सहाचीही पाहतोय. त्याची आर्टिकलशिप तीन वर्षांची, नव्या पोरांची दोन. पूर्वी परीक्षा मे आणि नोव्हेंबरात असायची, 2025 पासून फायनलही वर्षातून तीनदा. "पूर्वी नापास व्हायला सहा महिने वाट बघावी लागायची," दादा सांगतो, "आता चार महिन्यांत होऊन जातं." घरचे लग्नाचं विचारतात, तेव्हा तो शांतपणे म्हणतो, "ती कंटिंजंट लायबिलिटी आहे. ताळेबंदात धरायची नाही, खाली टिपेत दाखवायची."

पण संध्याकाळी अमृततुल्यवर कटिंग हातात आलं की दादा निराळाच माणूस होतो. रडवेला झालेला कुणी नवा पोरगा समोर आणून उभा करायचा अवकाश.

"किती वेळा वाचलंस?"

"चार वेळा, दादा."

"वाचून डोळ्यांना सवय होते, हाताला होत नाही. पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. जे आठवत नाही, तेवढंच परत वाचायचं. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. दोन पेपरांच्या मध्ये दीड दिवस मिळतो. त्या दीड दिवसात अख्खा विषय फिरला पाहिजे, तर आत्ताच्या नोट्स त्या बेतानं काढ."

मग तो कॉस्टिंगमधला एबीसी ॲनॅलिसिस काढतो. गोदामातला महागडा माल जसा वेगळा सांभाळायचा, तसे जास्त मार्कांचे धडे 'ए'त. "आणि ग्रुपच्या तिन्ही पेपरांत 40-40 काढून कुणी सुटत नाही, बाळ. ग्रुपची बेरीज 300 पैकी 150 लागते. म्हणून हातचा एक विषय 60 च्या वर न्यायचा. ग्रुप राहिला तरी त्यात एक्झेम्प्शन मिळतं. ऑडिटिंग स्टँडर्डचा नंबर नक्की आठवत नसेल तर ठोकून देऊ नकोस, नंबराशिवाय मुद्दा लिही. शेवटच्या महिन्यात रोज मॉक पेपर, घड्याळ लावून, तीन तास. आणि तपासायला दुसऱ्याला द्यायचा."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. हे ऐकून गेलेली चार पोरं माझ्या डोळ्यांदेखत सीए झाली. चौघांनीही पेढे आणून दिले. दादा पेढा खाऊन हात पुसतो आणि पुन्हा गुलाबी पेनाकडे वळतो.

त्याला मॉक पेपर सोडव म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सिलॅबस होऊ दे." आता सिलॅबस कसा होणार? 1961 चा आयकर कायदा कडेपर्यंत रंगवून होतोय, तोच सरकारनं 2025 चा नवा कायदा आणला आणि 1 एप्रिल 2026 पासून लागूही केला. दादाचं इंद्रधनुष्य रद्दीत गेलं. सहावा पेपर पुस्तकं उघडून लिहायचा असतो, म्हणून तो प्रवासाची बॅग भरून पुस्तकं घेऊन गेला. खुणेच्या चिठ्ठ्या इतक्या लावलेल्या की कुठली चिठ्ठी कशाची, हे शोधण्यातच चार तास सरले. "असू दे," बाहेर येऊन म्हणाला, "धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढं ओढता येतो."

एका रविवारी तो मला ऑडिटरची अपात्रता शिकवत होता. ज्या कंपनीत आपले स्वतःचे शेअर्स, तिचं ऑडिट आपल्याला चालत नाही. मी सहज बोलून गेलो, "दादा, तुझे सगळे शेअर्स तुझ्यातच आहेत. मग तुझं ऑडिट तूच कसं करतोस?"

दादानं पेनाला टोपण लावलं. बराच वेळ बोलला नाही. सोमवारी दुपारी मात्र माझ्यासमोर उत्तरपत्रिका आपटली. ऑडिटचा मॉक, तीन तासांचा, पूर्ण घड्याळ लावून.

मी सजेस्टेड आन्सर्सशी ताडून तपासला. 37.

"14 मार्कांचा शेवटचा प्रश्न कोराच आहे, दादा. येत नव्हता?"

"तोंडपाठ होता रे. वेळच उरला नाही."

पानं पुन्हा उलटली तेव्हा वेळ कुठं गेला ते दिसलं. प्रत्येक मथळ्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक काळी. मी काही बोललो नाही. दादानंच रेघा मोजल्या. 46 भरल्या.

दुसऱ्या दिवशी चौथ्या टेबलापाशी गेलो तर रंग नव्हते. एक निळं पेन, घड्याळ आणि वाकून लिहीत बसलेला दादा.

"किती वाजता उठलास?" मी विचारलं.

"पावणेसातला," तो मान वर न करता म्हणाला. "आणि आज मंगळवार आहे. आता बोलू नकोस, घड्याळ चालू आहे."