मा. स्टेटमेंट ऑफ पर्पज यांस

प्रति,
मा. स्टेटमेंट ऑफ पर्पज,
मुक्काम पोस्ट लॅपटॉप, फोल्डर ‘फायनल फायनल नवीन’.

विषय: आपला उद्देश नक्की कोणता, याचा खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या कन्येला अमेरिकेत जाऊन कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करायचे आहे. प्रत्येक अर्जासोबत आपण जाणार, म्हणून काल रात्री आपल्याला सावकाश वाचले. पहिल्याच ओळीत समजले की तिला सहाव्या वर्षापासून संगणकाचे वेड आहे. त्या वयात ती ‘पेंट’ उघडून चौकोनी सूर्य काढायची. पण आपण म्हणता, तर असेल वेड. पुढे आपण लिहिता की मशीन लर्निंगच्या संशोधनाला तिला आयुष्य वाहायचे आहे आणि त्या विद्यापीठातल्या अमुक प्राध्यापकांच्या कामाने ती भारावून गेली आहे. जितकी विद्यापीठे, तितके प्राध्यापक. एवढी भारावलेली मुलगी आमच्या घरात राहते, याची आम्हाला कल्पना नव्हती. (एका प्रतीत आधीच्याच विद्यापीठाचे प्राध्यापक राहून गेलेत. तेवढे बघा.)

आपल्या भाऊबंदांचे, म्हणजे शिफारसपत्रांचेही तेच. “तूच लिहून आण, मी सही करतो,” असे सर म्हणाले. लेकीने तीन वेगवेगळ्या आवाजांत स्वतःची स्तुती केली. तिघेही गुरुजन स्वल्पविराम एकाच जागी चुकवतात, एवढेच.

पण तक्रार थापांची नाही. लग्नाच्या बायोडाटातही मुलगा निर्व्यसनीच असतो. तक्रार अशी, की आपण प्रत्येक खिडकीवर वेगळे बोलता.

बँकेत संशोधनाचे नाव काढायची सोय नाही. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटले की बँक तारण मागते, म्हणून आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट पुढे केला. साहेबांनी एकच विचारले, “पुढे पगार किती मिळेल?” तिथे आपण ओपीटीचे गणित मांडलेत: शिक्षणानंतर 12 महिने कामाची परवानगी, संगणकवाल्यांना वर आणखी 24, म्हणजे तीन वर्षे डॉलरमध्ये पगार आणि त्यातून हप्ते. साहेबांची मान डोलली. मुलगी तिकडेच राहील, या भरवशावर कर्ज मंजूर व्हायचे आहे.

तिथून बीकेसीतले अमेरिकन कॉन्सुलेट. अमेरिकन कायद्याच्या 214(ब) कलमानुसार विद्यार्थी-व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायलाच निघालाय, असे धरून चालतात. तसे नाही, हे त्यानेच पटवायचे. म्हणजे खिडकीतल्या अधिकाऱ्यासमोर मुलीने सांगायचे, की शिकून मी परत येणार, आईवडील इथे आहेत, घर इथे आहे. कुठले घर? तेच. मुलगी तिकडे कमावत राहील म्हणून बँकेत गहाण पडणारे आणि ती परत येईल म्हणून कॉन्सुलेटात पुरावा ठरणारे. आमच्या बिल्डरनेसुद्धा या फ्लॅटचा इतका उपयोग सांगितला नव्हता. आणि नकार आला, तरी व्हिसा-अर्जाचे 185 डॉलर परत मिळत नाहीत.

तीन वर्षांनंतरचे विचारले, की आपण गप्प. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या जागा वर्षाला 65,000, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000, आणि उड्या त्याहून कितीतरी जास्त. सप्टेंबर 2025 मध्ये तर अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. इथेच गेट देऊन एम.टेक. केले तर उलट दरमहा 12,400 रुपये हातात पडतात, असे मी एकदा जेवताना म्हणालो. त्यावर घरात दोन दिवस कोणी बोलले नाही, म्हणून तो विषय इथेही सोडतो.

या सगळ्यात मुलगी तिथे शिकणार काय, हे बँकेने विचारले नाही. मी विचारले. तिने खुर्ची ओढली आणि सेनापतींची गोष्ट सांगायला लागली. सैन्य शहराला वेढा घालून बसले आहे, सेनापती फक्त निरोप्यांमार्फत बोलतात, आणि सेनापतींतलाच एक फितूर आहे. तो एकाला चढाई कळवतो, दुसऱ्याला माघार. तरी बाकीच्यांचे एकमत कसे व्हावे? लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ यांनी 1982 च्या लेखात हे मांडले: नुसत्या तोंडी निरोपांवर तिघांत एक फितूर असला तर एकमताची खात्री देता येत नाही, चौघांत एक असला तर येते. एकमेकांवर विसंबलेल्या अनेक संगणकांतला एखादा बिघडून भलतेच सांगू लागला, तर बाकीच्यांनी काय करायचे, त्याचे हे शास्त्र. तासभर ती थांबली नाही. मी चहा गरम करायचा विसरलो.

ऐकताना मला आपली आठवण येत होती. बँकेला चढाई, बीकेसीला माघार.

पण या सेनापतींबद्दल आपल्यात अवाक्षर नाही. कारण विचारले तर म्हणाली, प्रवेशाचा सल्ला देणारे कन्सल्टन्सीवाले म्हणतात सध्या मशीन लर्निंगच चालते.

तरी विनंती, की सहाव्या वर्षाचे वेड काढावे, भारावणे निम्म्यावर आणावे आणि फितूर सेनापतीला पहिल्या परिच्छेदात जागा द्यावी. पोर्टल 15 डिसेंबरला बंद होते, आणि फ्लॅटच्या व्हॅल्युएशनला बँकेचा माणूस त्याआधीच्या शुक्रवारी येतो आहे.

कळावे,
आपला,
एक सहकर्जदार