पैलवान नेमका कधी संपला?

कात्रजच्या चौकात अडकलेल्या माणसाला दोनच विषय सुचतात. एक, हा ट्रॅफिक कधी सुटणार. दोन, अमुक पैलवान नेमका कधी संपला. पहिल्याचं उत्तर मिळणार नाही हे सगळ्यांनी मान्य केलंय. दुसऱ्याची उत्तरं मात्र डझनाने मिळतात आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

हा विषय कोथरूडच्या किंवा औंधच्या टपरीवर टिकला नसता. तिथे फार तर जागेचे भाव निघाले असते. कात्रजला मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुल आहे, अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांची तालीम आहे. 2020 च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे निघाले, तेव्हा आमच्या टपरीवर पैज लावायलाही कुणी उरलं नव्हतं. गदा कात्रजलाच येणार हे ठरलेलं होतं. अशा गावात पैलवान चढतो कधी यापेक्षा उतरतो कधी, याची चर्चा जास्त रंगते. चढताना सगळे कौतुकात असतात. हिशेब सुरू होतो तो उतरणीला लागल्यावर.

टपरीचे कायम सभासद तीन. पहिले वस्ताद. त्यांनी एकेकाळी जत्रांची मैदानं मारलीत. डावा कान मातीत घासून घासून असा गोळा झालाय की फोन आला तर तो उजव्याच कानाला लावावा लागतो. डाव्यावर तो बसतच नाही, घसरतो. दुसरे मास्तर, म्हणजे पीएमटीचे निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर सुट्टे मोजल्यामुळे साल, वार, आकडे पाठ. तिसरे साहेब, एका बँकेत वसुली खात्यात होते. चौथा मी. मला कुस्तीतलं फारसं कळत नाही; मी रात्री जागून जुन्या बॉक्सिंगच्या लढती बघतो. यामुळे टपरीवर माझी पत बेताचीच आहे. वस्ताद बॉक्सिंगला ‘बुक्क्यांची मारामारी’ म्हणतात.

विजेंदर सिंगचा विषय मीच काढला. म्हटलं, आपल्या देशाचा मिडलवेटचा सर्वात मोठा गडी, 2008 ला बीजिंगमध्ये ब्राँझ, ऑलिम्पिकचं पदक घेणारा पहिला भारतीय बॉक्सर. हा कधी संपला, सांगा.

वस्तादांनी बशीतला चहा संपवला आणि कसोटी सांगितली. “ज्या वर्षी लंगोटापेक्षा फेटा जास्त वेळा बांधला, त्या वर्षी पैलवान संपला.”

कसोटी इतकी बिनतोड होती की आम्ही क्षणभर गप्पच झालो. सत्कार, उद्घाटनं, नारळ, शाल, फेटा. सकाळी जोर मारायची वेळ आणि पाहुण्याला आणायला गाडी येण्याची वेळ एकच. मी आजूबाजूचे चार-पाच नामांकित पैलवान मनातल्या मनात या मापाने मोजून पाहिले. सगळे बसले.

विजेंदर मात्र बसेना. बीजिंगहून आल्यावर त्याला देशभर फेटे बांधले गेले, पण पुढच्याच वर्षी मिलानला जागतिक स्पर्धेत त्याने ब्राँझ घेतलं आणि त्या वर्षी त्याच्या वजनात तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. 2010 ला ग्वांगझूला आशियाई सुवर्ण. म्हणजे फेटाही डोक्यावर आणि बुक्कीही जाग्यावर.

“2012,” मास्तर म्हणाले. “लंडनला क्वार्टर फायनलला हरला.”

“2014,” वस्ताद म्हणाले. “सिनेमात गेला का नाही? झालं मग.” (फगली. वस्तादांनी तो पाहिलेला नाही. पाहणाऱ्यांनीही त्याबद्दल फारसं बोललेलं ऐकिवात नाही.)

साहेबांनी दोन्ही तारखा फेटाळल्या. 2015 ला विजेंदर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये गेला आणि ओळीने बारा लढती जिंकला, त्यातली एक आपल्या वरळीला, 2017 च्या ऑगस्टमध्ये. संपलेला माणूस बारा वेळा कसा जिंकेल? त्यावर मास्तर म्हणाले, समोर कोण होते ते बघा की. आणि इथे साहेबांमधला वसुली अधिकारी जागा झाला. ते म्हणाले, समोर कोण हे सोडा, खातं चालू होतं का ते बघा. नव्वद दिवस हप्ता आला नाही की आमच्याकडे कर्ज एनपीए. नोव्हेंबर 2019 ला दुबईत लढला, त्यानंतर सोळा महिने एकही लढत नाही. म्हणजे 2020 च्या फेब्रुवारीतच खातं बुडीत गेलं होतं, पुढे जे झालं ती नुसती जप्ती.

मध्ये लॉकडाऊन होता, याची मी आठवण करून दिली. साहेब म्हणाले, लॉकडाऊनमध्ये आम्ही हप्त्यांना सवलत दिली होती, पण ती अर्ज करणाऱ्यांना.

हा वाद फक्त आपल्याकडेच होतो असं नाही, हे सांगायला मी मार्विन हॅगलर बाहेर काढला. मिडलवेटचा खरा राजा. साडेसहा वर्षं किताब राखला, बारा वेळा आव्हानवीर परतवून लावले. 1985 ला टॉमी हर्न्सला त्याने तिसऱ्या फेरीतच आडवा केला. मग 6 एप्रिल 1987 ला लास व्हेगसमध्ये समोर आला शुगर रे लेनर्ड, जो त्याआधीच्या पाच वर्षांत एकदाच लढला होता. साहेबांच्या भाषेत लेनर्डचंच खातं बुडीत. तरी तीन पंचांपैकी दोघांनी कौल लेनर्डला दिला. एकाने 115-113 हॅगलर, एकाने 115-113 लेनर्ड आणि तिसऱ्याने तर 118-110 लेनर्ड. तिघांनी एकच लढत पाहिली असं त्यावरून वाटत नाही. हॅगलर त्यानंतर कधीच रिंगणात उतरला नाही, इटलीला जाऊन सिनेमात कामं करू लागला.

गंमत पुढची आहे. हॅगलरचे भक्त आज म्हणतात, तो 1985 लाच संपला होता, हर्न्सच्या त्या आठ मिनिटांत जे होतं नव्हतं ते खर्च झालं. काही म्हणतात 1986, मुगाबीने झोडपला तेव्हा. लेनर्डचे भक्त म्हणतात, छे हो, 1987 ला हॅगलर अगदी भरात होता. हरलेल्याच्या बाजूचे तारीख मागे ओढतात, जिंकलेल्याच्या बाजूचे पुढे रेटतात. मधल्या मध्ये हॅगलर बिचारा कुठल्याच साली निवांत बसू शकत नाही.

वस्तादांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं. “पाठ टेकली का?”

“नाही.”

“मग कुस्ती बरोबरीत. दोघांना निम्मं निम्मं इनाम द्यायचं आणि हात वर करून सोडायचं. वाद कशाला?”

मला वाटतं, लास व्हेगसला त्या रात्री कात्रजचा एखादा पंच असता तर बॉक्सिंगच्या इतिहासातली निम्मी भांडणं वाचली असती.

लास व्हेगसवरून नरसिंग यादव निघाला. 2011 ते 2013 सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, आणि 2015 ला त्याच लास व्हेगसमध्ये 74 किलोत जागतिक ब्राँझ. पुढे ऑलिम्पिकला कोण जाणार यावरून सुशील कुमार चाचणी मागायला दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला, याचा मास्तरांना अजून राग आहे. कोण भरात आणि कोण उतरणीला, हे कोर्टात ठरायला लागलं तर टपऱ्यांनी करायचं काय? सुशीलची याचिका फेटाळली गेली. नरसिंग रिओला पोहोचलाही, पण उत्तेजकाच्या प्रकरणात क्रीडा लवादाने 2016 च्या ऑगस्टमध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. या माणसाची तारीख काढायला कुणी पुढे आलं नाही. वस्तादांनी कप विसळायला परत दिला आणि “विजेंदरचं बोला” म्हणाले.

विजेंदरचं राहिलेलं बोलणं गोव्यातलं होतं. 19 मार्च 2021, पणजी. हॅगलर जाऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. मांडवीत उभ्या असलेल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनोच्या जहाजावर, अगदी छतावर, रिंगण बांधलं होतं. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, उंचीला विजेंदरपेक्षा चांगलाच वरचढ. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. बारा विजयांनंतरची पहिली हार, वय पस्तीस. मला वाटलं, आता तरी एकमत होईल.

“कुठं झाली म्हणालात?” वस्तादांनी विचारलं.

“जहाजावर.”

“पाण्यात?”

“नदीत. मांडवी.”

“मग जमीन हलत असणार. पाय रोवायला जागा नाही, तिथं गडी काय करणार? ही कुस्ती धरायची नाही.”

मी म्हटलं, वस्ताद, लोपसानचे पायही त्याच जहाजावर होते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तालमीत कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला हे कसं समजावणार.

मास्तरांनी तेवढ्यात 2021 वर शिक्का मारून टाकला. जहाज असो नाहीतर स्वारगेट, हार ती हार. साहेबांनी फोनवर बोट फिरवत खाकरून सांगितलं की 2022 च्या ऑगस्टमध्ये रायपूरला विजेंदर पुन्हा उतरला होता आणि घानाच्या गड्याला त्याने दुसऱ्याच फेरीत झोपवलं.

मास्तर थोडे ओशाळले. पण तिकीट फाडल्यावर परत घ्यायची सवय त्यांना नव्हती. “मग 2021 चं खोडून 2022 करा,” ते म्हणाले. “सप्टेंबर.”

“सप्टेंबरच का?”

“ऑगस्टात जिंकलाय ना!”