शिशावर संशय

वास्तुशांतीला गेलेले लोक हॉल बघतात, बाल्कनी बघतात. अण्णा स्वयंपाकघरात शिरून ओट्यावरून हात फिरवतात आणि पुटपुटतात, “थोरियम असणार.” यजमानीणबाईंना वाटतं, ही ग्रॅनाइटचीच एखादी भारी जात. “हो ना, राजस्थानहून मागवलाय!” त्या खुशीत सांगतात.

अण्णा मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत गॅमा किरण मोजतात. प्रसादाचं केळं सोलता सोलता, त्यात सेकंदाला पंधराएक पोटॅशियम-40 चे अणू फुटतात हे सांगतात आणि मग ते चवीने खातात. माणसाच्या अंगात हाच आकडा 4000 च्या पुढे जातो. त्यामुळे डिटेक्टरपाशी कोणी रेंगाळलेलं त्यांना खपत नाही. “लांब उभा राहा रे, तू फार चमकतोस.”

ही सगळी खबरदारी एका शिखरापायी. जर्मेनियम-76 चा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हास आजवर कोणी निर्विवादपणे पाहिलेला नाही. दिसलाच तर 2039 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर बारीकसं शिखर दिसेल. या ऱ्हासाचा अर्धायुकाल 10 च्या 26 व्या घाताइतक्या वर्षांहूनही जास्त, असं इटलीतल्या गेर्डा प्रयोगाने 2020 मध्ये सांगितलं. बाकी जग त्या शिखराच्या शोधात आहे. ते शिखर भलत्याच कोणाचं असू शकेल, याचा शोध अण्णांकडे. चोरापेक्षा शेजाऱ्यांची चौकशी जास्त करणारा हा हवालदार.

त्यांचा खरा राग शिशावर. बाहेरचे किरण अडवायला डिटेक्टरभोवती शिशाच्या विटा रचायच्या, तर नव्या शिशात शिसे-210 असतं, त्याचा अर्धायुकाल 22 वर्षं. म्हणून इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखाली क्युओरे प्रयोगवाल्यांनी सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलं. त्या जहाजाचा विषय निघाला की अण्णांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण रोमन असलं म्हणून काय झालं? न्यूट्रॉन आदळला की शिसे-206 हे 2041 चा किरण सोडतं. शिसे-207 सोडतं 3062 चा. त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मली आणि पॉझिट्रॉन विझताना निघालेले दोन्ही 511 चे किरण निसटले, तर मागे उरतात 2040. कुंपणानेच शेत खाल्लं! शिशावर न्यूट्रॉन मारून त्याची एकेक रेघ नोंदवण्यात अण्णांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नाही.

परवा एक विद्यार्थी धापा टाकत आला. “सर, 2039 पाशी काहीतरी उठलंय!”

“803 वर बघितलंस?”

“803 वर कशाला, सर?”

“शिसे-206 हललं असेल तर तिथे आधी ओरडेल.”

803 वर चांगलं ठसठशीत शिखर होतं. पोराचा चेहरा पडला. संध्याकाळी अण्णांनी पेढे आणले. शोध लागला नाही म्हणून पेढे वाटणारा दुसरा शास्त्रज्ञ माझ्या तरी पाहण्यात नाही. वाटले मात्र दाराबाहेर, आणि हात धुतल्याशिवाय कोणाला आत घेतलं नाही. दुधातही पोटॅशियम असतं.