नानांना वाचा फुटली

आमच्या धारूर तालुक्यात माणसं कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की कोयता ट्रकमध्ये चढणार, पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात उतरणार आणि पाडव्याच्या आगंमागं परतणार. नाना-नानींनी असे तीसेक हंगाम काढले. मुकादमाकडून उचल घेताना नाना दरसाल अंगठा द्यायचे, पण हिशेब तोंडपाठ. किती टन ऊस तोडला, किती उचल फिटली, झोपेतून उठवून विचारा.

पंचाहत्तरीनंतर नाना शिकायला बसले. 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढचा कुणीही निरक्षर चालतो, वरची मर्यादा नाही. मास्तरीण घरचीच, आठवीतली नात. जांभई दिली की पट्टी उगारायची.

१७ मार्च २०२४, रविवार. परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. नाना नवा फेटा बांधून गेले. संख्याज्ञान सगळ्यांच्या आधी उरकलं आणि शेजारच्या मावशीला उत्तरं सांगू लागले. गुरुजींनी दटावलं, तर म्हणाले, "आवो, हिची उचल आजवर मीच मोजून दिलीय!"

नाना पास झाले आणि गावाची शांतता गेली. नानांना तेव्हा मनात वाचता येत नव्हतं; जे दिसेल ते मोठ्यानं. पंचाहत्तरीपुढं एस.टी. फुकट, तरी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घेतात आणि धारूरचा घाट उतरेस्तोवर वाचतात. एकदा भज्याच्या कागदावर खुनाची बातमी निघाली, ती नेमकी अर्ध्यात फाटलेली. नानांनी आणखी एक प्लेट मागवली. "खुनी दुसऱ्या पुडीत असंल."

सही बघण्यासारखी. पेन मुठीत आवळून धरतात. ऊस बुडातून तोडायचा असतो. नानांचा कानाही बुडातूनच निघतो आणि वर शेंड्याला जातो.

नानींनी मात्र पाटीला हात लावला नाही. "दोघंबी वाचाय लागलो तर ऐकायचं कुणी?"

मग एका दुपारी नानांनी पत्र्याची पेटी उघडली. तीत भावकीतल्या लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या. पत्रिका आणून देणारा प्रत्येक जण निमंत्रकांच्या यादीवर बोट टेकवून सांगायचा, "हे बघा नाना, तुमचं नाव." नानांचा ऊर भरून यायचा, आणि आहेर जरा जडच जायचा. त्या दुपारी नानांनी बावीस पत्रिका वाचल्या. नाव दोनच पत्रिकांत निघालं. घरात आवाज नव्हता. नानी म्हणतात, मनातल्या मनात वाचायला ते त्या दिवशी शिकले.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आठवड्यानं मी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो आणि सवयीनं यादीवर बोट टेकवलं. "नाना, हे बघा तुमचं..."

नानांनी माझं बोट अलगद बाजूला केलं. यादी वरून खाली एकदा वाचली, मनातल्या मनात. खिशातून पेन काढलं, आमदार आणि सरपंच यांच्यामधल्या जागेत बुडातून शेंड्याकडं एकेक अक्षर काढलं आणि पत्रिका माझ्यापुढं धरली.

"आता ठिव बोट."